वाटच नाही, तर चुकणार कशी?

अलास्काच्या रँगल-सेंट इलायस नॅशनल पार्कमध्ये पाठीवर घर बांधून आठ दिवस. ना रस्ता, ना रेंज, ना दगडावर रंगवलेला बाण. सोबत एक गाईड, पाच माणसं आणि कुणालाच न सांगितलेली एक भीती.

ट्रेकआधी वजन करतात ते सॅकचं, असा माझा आजवरचा समज होता. मॅकार्थीच्या धावपट्टीवर मात्र आधी मला काट्यावर उभं केलं, मग सॅकसकट उभं केलं आणि पायलटने तो आकडा सगळ्यांसमोर वहीत लिहून घेतला. दोन वर्षं जिमचं कार्ड नुसतं पाकिटात घेऊन फिरणाऱ्या मुलीचा याहून मोठा अपमान काय असणार? पण इलाज नव्हता. विमान आपल्या सहाआसनी रिक्षाएवढं. त्यात कोण पुढे बसणार, कोण मागे, हे वजनावर ठरतं.

सॅक भरली एकवीस किलो. त्यात माझे कपडे जेमतेम चार किलो. बाकी तंबूचा माझा वाटा, स्लीपिंग बॅग, रेनकोट आणि एक जाडजूड प्लॅस्टिकचा डबा. याला म्हणतात ‘बेअर बॅरल’. आत सगळं जेवण आणि ज्याला ज्याला वास येतो ते सगळं. म्हणजे टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिपबामसुद्धा. अस्वलाला तो उघडता येत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही उघडता येत नव्हता! मी पुण्याहून हौसेने आणलेलं लिंबाचं लोणचं त्यातच गेलं आणि पुढचे आठ दिवस आमच्या ग्रुपच्या ओट्स, चीज, चॉकलेट, सगळ्याला लोणच्याचा वास येत राहिला. त्याबद्दल सर्वांची पुन्हा एकदा माफी.

नकाशावर कुठे?

ही सगळी कल्पना माझ्या मावसबहिणीची. ताई सिअॅटलला असते, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गेली चार वर्षं तिच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एकाच खिंडीचा फोटो आहे. ‘‘तू सह्याद्रीत एवढी भटकतेस, मग इथे एकदा ये ना,’’ असं ती दर दिवाळीला फोनवर म्हणायची. मागच्या वर्षी व्हिसा झाला, साठवलेले पैसे मोडले आणि ऑगस्टमध्ये गेले.

सिअॅटलहून अँकरेज साधारण साडेतीन तासांचं विमान. तिथून मॅकार्थी गाडीने सात-आठ तास. शेवटचे ९६ किलोमीटर कच्चा रस्ता. हा रस्ता म्हणजे एका जुन्या रेल्वेची बुजलेली वाट. १९११ मध्ये ही रेल्वे पूर्ण झाली ती केनेकॉटच्या खाणींमधलं तांबं समुद्रापर्यंत न्यायला. १९३८ मध्ये खाण बंद पडली आणि शेवटची गाडी गेली ती गेलीच. रुळांचे खिळे मात्र अजूनही जमिनीतून वर येतात आणि गाड्यांचे टायर फोडतात.

केनेकॉटला आज चौदा मजली लाल लाकडी कारखाना डोंगराला टेकून उभा आहे. त्याच्यासमोर दरीभर राखाडी मातीचे ढीग दिसतात. मला वाटलं, खाणीचा कचरा असणार. गाईड हसली. ती हिमनदी होती, केनिकॉट ग्लेशियर. वरती दगड-मातीचा थर, खाली बर्फ. (हिमनदीचं नाव ‘केनिकॉट’ आणि कंपनीचं ‘केनेकॉट’. कंपनीने स्पेलिंग चुकवलं ते तसंच राहिलं!) तिथे लावलेल्या जुन्या फोटोंमध्ये हाच बर्फ कारखान्यासमोर एखाद्या भिंतीसारखा उंच दिसतो. आता त्याच्याकडे खाली वाकून बघावं लागतं.

पार्कचा आकार ऐका. सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचे सहा तुकडे केले, तर त्यातल्या एकाहून थोडा मोठाच. अमेरिकेतलं हे सगळ्यांत मोठं नॅशनल पार्क, १९८० मध्ये झालेलं. अमेरिकेतल्या सर्वांत उंच सोळा शिखरांपैकी नऊ इथे आहेत. आणि आत शिरणारे रस्ते किती? दोन. दोन्ही कच्चे. माणूस इथे पार्कच्या आधीपासून आहे. आत्ना लोक पिढ्यान् पिढ्या या भागात राहतात. तांब्याचा व्यापार ते खाण कंपनीच्या कितीतरी आधीपासून करत होते.

आमचा प्लॅन असा. विमानाने अर्ध्या तासावरच्या स्कोलाय खिंडीत उतरायचं. तिथून चिटिस्टोन खिंड ओलांडायची. मग ‘गोट ट्रेल’ नावाचा घसाऱ्याचा उतार आडवा पार करून पलीकडच्या दरीत जायचं. सातव्या दिवशी तिथून विमान आम्हाला उचलणार. १९१३ मध्ये चिसानाला सोनं सापडल्याची हाकाटी झाली, तेव्हा लोक याच बाजूने धावले होते. नावात ‘ट्रेल’ असलं तरी पायवाट वगैरे समजू नका. बकऱ्या जातात तिथून माणसाने जायचं, एवढाच अर्थ.

‘पांगून चाला!’

विमानाने खडीच्या पट्ट्यावर फुगीर टायर टेकवले, आम्हाला उतरवलं आणि परत उडालं. आवाज लांब गेला. मग आवाजच नाही. आम्ही पाच जण: ताई, मी, डेन्व्हरची एक नर्स, तिचा नवरा आणि टोरांटोचे रिटायर्ड शिक्षक, वय चौसष्ट. शिवाय गाईड. वय पस्तिशीच्या आसपास. हिवाळ्यात स्कीइंग शिकवते, उन्हाळ्यात लोकांना डोंगरात नेते.

मी सवयीप्रमाणे तिच्या मागे, तिच्या पावलावर पाऊल टाकून चालायला लागले. ती थांबली. ‘‘माझ्या मागे नको. पांगून चाला.’’

आपल्याकडे ट्रेक लीडर पहिली गोष्ट काय सांगतो? रांग सोडू नका. इथे उलटं! कारण टुंड्रा. गुडघाभरसुद्धा उंच नसलेली झुडपं, शेवाळ, ब्लूबेरी आणि खाली स्पंजासारखी ओली जमीन. झाडांना वाढायला वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. सहा जोड्या बूट एकाच रेषेत गेले, तर तो व्रण कित्येक वर्षं राहतो. मागून येणारा त्याच रेषेवरून जातो आणि वाट तयार होते. इथे वाट तयार होऊ द्यायची नाही, हाच नियम.

दिवसाला आठ-दहा किलोमीटर. सह्याद्रीत हे अंतर मी नाश्त्याआधी कापते, असं मनात म्हटलं होतं. इथे संध्याकाळी पाय बोलायला लागायचे. एक पाऊल रुततं, दुसरं गवताच्या गाठोड्यावरून घसरतं. झुडपांतून जाताना मोठ्याने ओरडायचं, ‘‘हे बेअर!’’ अस्वल अचानक समोर आलं तर धोका, म्हणून त्याला आधीच कळवायचं. मी दुसऱ्या दिवसापासून ‘‘अहो अस्वल, आलो हां आम्ही!’’ सुरू केलं. नर्सबाईंना ते इतकं आवडलं की त्याही ‘‘आलो हां’’ करू लागल्या. अस्वल दिसलंही. दरीच्या पलीकडच्या उतारावर एक ग्रिझली मादी आणि दोन पिल्लं, जमीन उकरत होती. अर्धा तास आम्ही दुर्बिणीतून बघत बसलो. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तंबूपासून शंभर पावलांवर स्वयंपाक, त्याच्याही पलीकडे डबे. आणि हो, तुमच्या मनातला ‘तो’ प्रश्न: छोटं फावडं, सहा इंच खड्डा, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत न्यायचा. दोन दिवसांत सवय होते. शप्पथ!

पहाटेची नदी

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्यापाशी आलो. पाणी राखाडी, कालवलेल्या सिमेंटसारखं. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ त्यात असतं, त्यामुळे तळ दिसत नाही. कान दिले की पाण्याखालून गडगडल्यासारखा आवाज येतो. तो तळाशी घरंगळणाऱ्या धोंड्यांचा. रुंदी फार तर पुण्यातल्या एखाद्या गल्लीएवढी.

‘‘उद्या सकाळी,’’ गाईड म्हणाली आणि तिने सॅक उतरवली. दुपारचे तीन वाजले होते. रात्री दहापर्यंत उजेड! सात तास फुकट? ती म्हणाली, ‘‘दिवसभर ऊन बर्फावर पडतं आणि पाणी वाढत जातं. रात्री गारठलं की उतरतं.’’ पहाटे पाचला उठवलं तर तोच ओढा मांडीवरून गुडघ्यावर आला होता. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलोच तर सॅक सोडून देता येते. तोंड प्रवाहाकडे. एकमेकांना धरून आडवं सरकायचं. पाणी इतकं थंड की चौथ्या पावलाला पाय आपले आहेत की शेजाऱ्याचे, कळेना.

त्या रिकाम्या दुपारी तिने आम्हाला एक सवय लावली. रोज सकाळी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि हाताची बोटं दाखवायची. पाच म्हणजे एकदम मस्त. एक म्हणजे मला हे नको. डोळे फक्त तिचे उघडे. ‘‘डोंगराची माहिती मला आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या पोटात काय चाललंय त्याची फक्त तुम्हाला. ती मला दिली नाहीत, तर मी अर्धवट माहितीवर निर्णय घेते.’’

मी तिसऱ्या दिवसापर्यंत रोज चार बोटं दाखवली. फ्रीलान्सर आहे मी. एडिटरने ‘उद्या सकाळपर्यंत जमेल?’ विचारलं की तोंडातून ‘हो’च येतं. तुमच्या ऑफिसातही वेगळं काय चालतं? ‘मॅनेज करते’ म्हणायचं आणि रात्री दोनला रडायचं. चार बोटं हे त्याच सवयीचं.

एक बोट

चौथ्या सकाळी आम्ही गोट ट्रेलच्या तोंडाशी होतो. रात्रभर पाऊस. चिटिस्टोनची घळ खाली कुठेतरी, तिच्यातल्या धबधब्याचा आवाज वरपर्यंत येत होता. समोर उतार. सुट्या दगडांचा, तिरका, खाली थेट कड्यावर संपणारा. त्यावर मेंढ्यांच्या खुरांची एक फिकट रेषा. बूट मावेल एवढीच.

आणि मला एकदम तीन वर्षांपूर्वीचा जुलै आठवला. सह्याद्रीतला एक किल्ला, ओला कातळ, आमचा आठ जणांचा ग्रुप. माझी कॉलेजची मैत्रीण त्या टप्प्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, ‘‘मला नाही जमणार.’’ मी म्हणाले, ‘‘काही नाही होत गं, चल!’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती चढली आणि दुसऱ्या पावलाला घसरली. घोटा दोन ठिकाणी मोडला. गावातल्या पोरांनी बांबू आणि घोंगडीची डोली करून तिला खाली आणलं, सहा तास लागले. ती बरी झाली. ट्रेकला पुन्हा आली नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

डोळे मिटले. मी एक बोट वर केलं.

गाईडने काही सेकंद घेतले. मग म्हणाली, ‘‘थँक यू. आपण इथून परत फिरतोय.’’ कुणाचं बोट, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण माझे कान लाल झाले होते आणि ताई माझ्याकडे बघत होती. चार वर्षं स्क्रीनवर असलेली खिंड आम्ही ओलांडली होती, पण तिला पलीकडे उतरायचं होतं. तिने पाच बोटं दाखवली होती.

ती काही बोलली नाही. दोन तास एक अक्षर नाही. सॅक उचलली आणि आल्या दिशेने चालायला लागली. काही हजार डॉलर्स, अर्ध्या जगाचा प्रवास, पाच लोकांची सुट्टी आणि माझं एक बोट. मला वाटलं, जमीन फाटावी.

दुपारी गाईडच्या बाजूने चालताना मी म्हटलं, ‘‘सॉरी. माझ्यामुळे सगळ्यांचं...’’ तिने मध्येच तोडलं. ‘‘अर्ध्या उतारावर सांगितलं असतंस तर माझ्या हातात काहीच नव्हतं. तिथे वळायला जागा नाही.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘मलाही तो ओला उतार आवडला नव्हता. मी तीन बोटांवर होते.’’

संध्याकाळी सूप पिताना टोरांटोचे मास्तर स्वतःहून म्हणाले, ‘‘माझी दोन होती. तीस वर्षं मुलांना सांगत आलो, समजलं नाही तर हात वर करा. आणि आज एकच बोट वर करायला मला लाज वाटली.’’

ढग

गाईडने सॅटेलाइटवरून मेसेज पाठवून विमानाची जागा बदलून घेतली. पुन्हा स्कोलाय. हाताशी मोकळे दोन दिवस होते. सॅक तंबूत ठेवून आम्ही रसेल ग्लेशियरच्या दिशेने भटकलो, ब्लूबेरी खाऊन जिभा निळ्या केल्या, पाण्याच्या डबक्यात शिखरं बघितली. नर्सबाईंच्या नवऱ्याने फायरवीडची गुलाबी फुलं दाखवली. ही फुलं दांड्याच्या खालून वर उमलत जातात. टोकाचं फूल उमललं की हिवाळा जवळ आला, असं अलास्कात म्हणतात. शेवटची दोन-तीनच राहिली होती.

सातव्या दिवशी सकाळी सगळं आवरून खडीच्या पट्ट्यावर बसलो. ढग खाली आला. इथले पायलट डोळ्यांनी बघून खिंडीतून विमान काढतात. खिंड दिसत नाही तर विमान नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. गाईडने शांतपणे एका बॅरलच्या तळातून जास्तीचं जेवण काढलं. ते पहिल्या दिवसापासून आम्हीच वाहत होतो, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. विमान आठव्या दिवशी दुपारी आलं.

त्या जास्तीच्या रात्री तंबूत ताई पहिल्यांदा नीट बोलली. ‘‘चिडले होते मी. खूप.’’

‘‘माहितीये.’’

‘‘पण तू तिथे मध्येच अडकली असतीस ना, तर मी तुला ‘चल, काही नाही होत’ म्हणत खेचलं असतं. मला माहितीये मी कशी आहे.’’ मग कूस बदलून म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी मी एकटी येईन. तू खाली लोणचं सांभाळ.’’

मी तिला त्या जुलैची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, कुणालाही.

मॅकार्थीला पोचल्यावर फोनला रेंज आली. तीनशे बारा मेसेज, एकोणीस मेल, त्यात एका एडिटरचं ‘अर्जंट!!!’. मी आधी मैत्रिणीला लिहिलं: ‘त्या दिवशी तू नाही म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. सॉरी.’ पुण्यात तेव्हा पहाट होती. उत्तर अँकरेजच्या वाटेवर आलं.

‘आठवतंय मला. घरी ये, बोलू.’

जायचंय?

कधी: जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जून-जुलैत उजेड भरपूर आणि डासही भरपूर. ऑगस्टअखेरीस टुंड्रा लाल-पिवळा होतो, रात्री गारठतात.

कसं: अमेरिकेच्या व्हिसाची तयारी खूप आधी सुरू करा, मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो. मॅकार्थीच्या कच्च्या रस्त्यावर न्यायला बऱ्याच कंपन्या भाड्याची गाडी देत नाहीत. बुक करतानाच विचारा किंवा शटल व्हॅन घ्या.

गाईड निवडताना: कंपनीला पार्कची परवानगी आहे का, एका गाईडमागे किती माणसं, गाईडने दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलंय का, हे तीन प्रश्न विचाराच. चौथा प्रश्न माझ्याकडून: मध्येच परत फिरावं लागलं तर काय करता? उत्तर द्यायला अडखळणारी कंपनी नको.

खर्च: पार्कला प्रवेश फी नाही. खरा खर्च विमानाचा आणि गाईडचा, तो काही हजार डॉलर्सच्या घरात जातो. गाईडला टिप देण्याची पद्धत आहे, तीही धरा.

सामान: अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाही, तो अँकरेजला घ्या. बूट नवे नकोत, वापरून मुरलेले हवेत.

आणि सर्वांत महत्त्वाचं: परतीच्या तिकिटाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा. ढग तुमच्या बॉसला विचारून येत नाहीत.